हरलेल्या निवडणुकांच्या चादरी

भाऊ पहिल्यांदा निवडणुकीत पडले तेव्हा वहिनींच्या घरात दोन गोष्टी शिल्लक राहिल्या. एक, भिंतीकडे तोंड करून झोपलेले भाऊ. दुसरी, दीडशे वार मांजरपाट.

भाऊ म्हणजे वहिनींचा नवरा. गावाच्या पाणीपुरवठ्यात फिटर आणि तिथल्या कामगार संघटनेचा पुढारी. हातात पाना आणि तोंडात भाषण, दोन्ही एकाच वेळी चालायचं. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं म्हणून या वहिनी झाल्या. नाहीतर लग्नाआधी सहा वर्षं त्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात आया होत्या आणि तिथं त्यांना सगळे नुसतं "ए, इकडे ये" म्हणायचे.

मांजरपाट होतं ते प्रचाराच्या फलकांचं. त्यावर निळ्या शाईत हातभर अक्षरं, 'भाऊंनाच निवडा', आणि शेजारी निशाणी, शिडी. वहिनींनी ते कापड सोड्यात उकळलं, दगडावर आपटलं, आठवडाभर उन्हात टाकलं. शाई काही जागची हलेना.

"मतं एवढी चिकट असती तर!" त्या म्हणाल्या. भाऊंनी फक्त कूस बदलली.

त्याच आठवड्यात शेजारच्या आजी मोरीत घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. त्यांच्या घरात बदलायला धड दोन चादरी नव्हत्या. वहिनींनी कापडाचे दोन-दोन थर एकावर एक घेतले, अक्षरं आत दडवली, चार चादरी शिवल्या आणि नेऊन दिल्या. परत आल्या त्या भाऊंच्या खाटेला पाय लावूनच उभ्या राहिल्या.

"पंधरा दिवस झाले. ती आजी पडली, तिचं हाड मोडलंय. तुमचं काय मोडलंय ते दाखवा, नाहीतर उठा."

भाऊ उठले. अंगणात पडलेले भंगारातले पाइप घेतले, वाकवले, जोडले आणि आजींना धरून चालायला वॉकर केला. आजी चालायला लागल्या, आणि वहिनींच्या घराची पुढली खोली त्या दिवसापासून वहिनींची राहिली नाही.

भाऊ पडत गेले तशी खोली भरत गेली. दर पाच वर्षांनी नवं कापड, नव्या चादरी. दुसऱ्या पराभवाच्या कुबड्या झाल्या, फलकांच्या बांबूंच्या. तिसऱ्या वेळी भाऊ इतके चिडले होते, की त्यांनी पाइप आणि जुन्या व्हॉल्व्हचा स्क्रू जोडून एक अख्खी खाट केली. पायथ्याशी हँडल होतं, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू वर यायची. गावात तशी खाट कोणीच पाहिली नव्हती. चौथ्या वेळेपर्यंत खोलीत दोन व्हीलचेअर, चार कमोडच्या खुर्च्या, दारामागे कुबड्यांचा भारा, आणि फळीवर बेडपॅन असे चकचकीत मांडलेले, की नवख्या माणसाला वाटावं भांड्यांचं दुकान आहे.

वहिनींचा नियम एकच. वही नाही, नाव नाही. ज्याला लागेल त्यानं न्यावं, काम झालं की धुऊन आणून द्यावं. आणि कोणाच्या घरी काय गेलं ते या खोलीच्या बाहेर जाणार नाही. मुलीचं लग्न ठरत असताना बापाला फिट आली, दुकान जोरात असताना मालकाची कंबर धरली, मास्तरांना कपड्यात व्हायला लागलं, सगळं वहिनींना ठाऊक. भाऊसुद्धा विचारायचे, "ती लहान व्हीलचेअर कुठं गेली गं?" वहिनी म्हणायच्या, "फिरायला."

लोक न्यायचे, बरे व्हायचे किंवा मरायचे, सामान परत यायचं. आणि मतदानाच्या दिवशी निम्मं गाव भाऊंच्या नावावर टेकलेली पाठ उचलून जायचं आणि शिक्का दुसऱ्यावर मारून यायचं. भाऊंना याचं वाईट वाटायचं. वहिनींना वाटायचं नाही, असं त्या म्हणत. त्यांचं दुखणं वेगळं होतं.

त्यांचं दुखणं साडेपाच फूट उंच होतं.

निवडून यायचे ते अध्यक्ष. पहिली दोन वर्षं नुसते नगरसेवक, मग अठरा वर्षं नगरपालिकेच्या खुर्चीत. आणि त्यांची बायको म्हणजे मॅडम. तिथंच पहिला काटा. हिचा नवरा जिंकला म्हणून ही मॅडम, आमचा हरला म्हणून मी वहिनी. वहिनींनी मनातल्या मनात तिचं नाव लांबडी ठेवलं होतं. मान लांब, हात लांब, चालताना कधी खाली बघायची नाही, जणू हिच्यासाठी रस्त्यातले खड्डे आधीच बुजवून ठेवलेत. शाळेची खोली असो की पाण्याचा नळ, फीत कापायला लांबडी. कात्री हातात घेऊन अशी हसायची, की शाळा हिनंच एकेक वीट लावून उभी केलीय.

सकाळी पेपर आला की वहिनी आधी निधनवार्ता बघायच्या. तो कामाचा भाग होता, कुठली खाट परत येणार ते कळायचं. मग लांबडीचा फोटो शोधायच्या. त्यात काम काही नव्हतं. आज कुठल्या चपला घातल्यात, हातात कोणी काय दिलंय, शेजारी कोण उभं आहे, सगळं चष्मा पुसून बघायच्या आणि पेपर आपटायच्या.

"काय झालं?" भाऊ विचारायचे.

"काही नाही. छपाई वाईट आहे."

मग पाचव्या निवडणुकीच्या आधी आठ-नऊ महिने लांबडीनं नगरपालिकेच्या तळमजल्यावर 'रुग्णसाहित्य केंद्र' उघडलं. बाहेर संगमरवराची पाटी, पाटीवर नाव. आत सगळं नवंकोरं. वहिनींच्या अंगाची लाही लाही झाली. वीस वर्षं मी लोकांची भरलेली बेडपॅन धुतली, आणि ही बया एका सकाळी फीत कापून सेवा करायला लागली!

चौथ्या दिवशी डोक्याला रुमाल गुंडाळून त्या बघायला गेल्या. रांगेत उभ्या राहिल्या. पाच खाटा मोजल्या, डोकं वर होणाऱ्या, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. व्हीलचेअरच्या चाकावर अंगठा दाबून बघितला. टणक रबर, आपल्या गल्लीत दहा पावलं जाणार नाही. मग त्यांनी टेबलावरची वही बघितली. ठळक अक्षरात रुग्णाचं नाव, आजार, पत्ता, दोन ओळखीच्या माणसांच्या सह्या. वहिनींच्या जिवात जीव आला. एवढं लिहून द्यायला कोण येतंय इथं?

पण लोक गेले. वहिनींकडे दिवसाला दहा-अकरा जण यायचे ते तीनवर आले. एक दिवस दूधवाला कुबड्या परत घेऊन आला. त्याचा पाय अजून प्लास्टरमध्ये होता.

"अरे, अजून महिना आहे ना तुझा?"

"तिकडं नव्या मिळाल्या, वहिनी. अॅल्युमिनियमच्या. खाली रबर पण आहे." आणि त्यानं नवी कुबडी जमिनीवर ठोकून दाखवली. "आवाज येतो का बघा. नाही येत."

वहिनींनी बांबूच्या कुबड्या घेतल्या आणि दारामागे ठेवल्या. त्या दिवशी त्यांनी स्वच्छ असलेली सगळी बेडपॅन पुन्हा घासली.

मतदानाला बारा दिवस उरले होते. भाऊ सकाळी सातलाच प्रचाराला बाहेर पडले होते. दुपारी एकच्या सुमाराला मागच्या दारावर कोणी बोटानं टकटक केलं. वहिनींनी दार उघडलं. समोर बाई होती, तोंडावर ओढणी, पायात मोलकरणीच्या रबरी चपला, टाचा मागं बाहेर आलेल्या. पण उंची लपवायची कुठं?

"कोण पाहिजे?" वहिनींनी मुद्दाम विचारलं.

"तुम्हीच."

"पुढलं दार मोडलं का काय?"

"आत येऊ द्या," लांबडी म्हणाली. "रस्त्यात नको."

आत आल्यावर ती बसली नाही. खोलीभर नजर फिरवली. वहिनींना वाटलं, बघ, बघ, प्लास्टिक कशालाच नाही.

"खाट हवी होती," ती म्हणाली. "डोकं वर होणारी."

"तुमच्या केंद्रात पाच आहेत. मी मोजल्यात."

"तिथं वही आहे."

लांबडीनं ओढणी खाली केली. पेपरातल्या फोटोत डोळ्यांखालचं हे काळं कधी आलं नव्हतं.

"यांची उजवी बाजू गेली," ती म्हणाली. "परवा सकाळी. दाढी करताना. बोलताही येत नाही नीट. डॉक्टर माझा भाऊच आहे, तो घरी येऊन बघतोय. बाहेर ताप म्हणून सांगितलंय. कामाच्या बायकांना सुट्टी दिलीय."

वहिनींना आधी गोड वाटलं. लाज वाटावी इतकं गोड. बारा दिवस. एक शब्द बाहेर गेला की अध्यक्ष संपले आणि भाऊ खुर्चीत.

"मी कोणाची बायको आहे ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"आहे."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"आमच्या घरात अठरा वर्षं माणसं येतात," ती म्हणाली. "येताना दुसऱ्याचं काहीतरी बिंग घेऊन येतात. कोणाचं लफडं, कोणाचं आजारपण, कोणाच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही. तुमच्या दारातून निघालेलं एकही मी अठरा वर्षांत ऐकलं नाही. आणि कान मी कमी लावले नव्हते."

वहिनींना हे आवडलं. आवडलं म्हणून त्यांना तिचा आणखी राग आला.

खाट तीन भागांत सुटायची. लांबडीच्या भावाच्या दवाखान्याची गाडी मागच्या बोळात आली, वहिनींनीच एक बाजू धरून पाइप आत सरकवले. मग नेहमीप्रमाणे सूचना द्यायला लागल्या. सवयच ती. दर दोन तासांनी कूस बदला. टाचेखाली उशी, टाच टेकू द्यायची नाही. बेडपॅन देण्याआधी कोमट पाण्यानं विसळा, गार लागलं की माणूस धरून ठेवतो. लांबडी मान हलवत होती, बोटांवर मोजत होती, शाळेतल्या पोरीसारखी. वहिनींनी चादरी काढल्या, चार मोजून घड्या केल्या.

चादरी देताना त्या प्रत्येकाला एक वाक्य सांगायच्या. वीस वर्षांत हजारदा सांगितलं असेल. ही चादर बाहेर वाळत घालू नका, ओली असली की आतली शिडी दिसते. स्वतः धुणं वाळत न घालणारे सोडले तर सगळ्या गावाला ठाऊक होतं, शिडीची चादर म्हणजे वहिनींची, आणि वहिनींची चादर दोरीवर म्हणजे घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलंय.

वाक्य ओठांपर्यंत आलं. वहिनींनी लांबडीच्या हातांकडे बघितलं. या हातांनी कधी चादर पिळली असेल? आणि वाक्य गिळलं.

मी काही बोलले नाही, त्यांनी स्वतःला सांगितलं. एक शब्दसुद्धा नाही. नियम माझा शाबूत आहे.

दुसऱ्या दिवसापासून वहिनींचा बाजाराचा रस्ता बदलला. अध्यक्षांच्या घरावरून जायला अर्धा मैल जास्त पडायचं. गच्ची रिकामी. तिसऱ्या दिवशी रिकामी. चौथ्या दिवशी त्यांना वाटलं, यंत्र असेल वाळवायचं, यांना काय कमी आहे. आणि आपण निराश झालो की सुटलो, हेच त्यांना कळेना.

पाचव्या दिवशी अकरा वाजता चादर होती. रस्त्याकडच्या कठड्याच्या आत, दोरीवर सबंध पसरलेली, पाणी ठिबकतंय, वर लख्ख ऊन. अक्षरं उलटी दिसत होती, पण शिडीला काय उलटं आणि काय सुलटं. निळीशार शिडी, हातभर, आभाळाला लावल्यासारखी.

वहिनींना फक्त चालत राहायचं होतं. बस. समोरच्या फुटपाथवर इस्त्रीवाला होता, आणि इस्त्रीवाल्याला कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत स्टेशनापलीकडे जायची. त्याची मान वर होती. हातातली इस्त्री एकाच जागी थांबली होती.

"वहिनी," तो म्हणाला, "ती तुमची चादर ना?"

"तुझी इस्त्री बघ. कोणाची बाही जाळतोयस?"

त्यानं दचकून इस्त्री उचलली. पण डोळे वरच. "शिडी आहे बघा. म्हणजे अध्यक्षांच्या घरी कोण..."

आणि वहिनींच्या तोंडून निघालं, "फलक आहे तो आमचा. चौकातला. परवा काढून नेला यांच्या माणसांनी. फरशी पुसतात म्हणे त्यानं!"

"काय सांगता!"

"मग? आत्ता जाऊन मागते की नाही बघ."

त्या तरातरा रस्ता ओलांडून गेल्या आणि घंटीवर अंगठा दाबून धरला. लांबडीनं दार उघडलं. केस सुटलेले, बाह्या ओल्या. वहिनी तिच्या बाजूनं थेट जिना चढून गच्चीवर गेल्या, चादर ओढली, तिचा बोळा करून खाली आल्या. तोवर लांबडीला सगळं कळलं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती.

"हे तुम्ही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"विसरले."

"तुम्ही विसरत नाही."

वहिनींच्या हातातल्या बोळ्याचं पाणी फरशीवर पडत होतं. "नाही विसरले," त्या म्हणाल्या.

मग आतून एक आवाज आला, शब्द नसलेला, आणि लांबडी वळली. वहिनी मागोमाग गेल्या. अध्यक्ष खाटेच्या पायथ्याकडे घसरून गोळा झाले होते, हनुवटी छातीत रुतलेली. अठरा वर्षं चौकात घुमणारा हा आवाज, हा देह, आणि बायको त्यांना काखेत हात घालून वर ओढायला बघत होती.

"सोडा, सोडा! खांदा निखळेल," वहिनी ओरडल्या. "आधी डोकं खाली घ्या, हँडल उलटं फिरवा. एवढं वर करून ठेवलंय, माणूस घसरणार नाही तर काय? आता ही चादर धरा, अंगाखालची. तुम्ही तिकडून. माणसाला ओढायचं नसतं, चादरीला ओढायचं. एक, दोन..."

अध्यक्ष सरळ झाले. त्यांचा धड असलेला डोळा वहिनींवर ठरला. त्यांनी ओळखलं. डाव्या हातानं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं, आपण अशा अवस्थेत या बाईसमोर, म्हणून. वहिनींनी तोंड फिरवलं आणि खिडकीतला पावडरचा डबा उचलून वाचायला लागल्या.

"आता कशाला आलात?" लांबडीनं हळूच विचारलं. "चाललं होतं ना मनासारखं?"

वहिनींनी डबा परत ठेवला. "ही पावडर चालणार नाही," त्या म्हणाल्या. "सुवासाची आहे. सालटी निघतील."

त्यानंतर मतदानापर्यंत त्या तिथं रोज दुपारी मागच्या दारानं जात राहिल्या.

भाऊ मात्र त्या रात्री जेवले नाहीत. फरशीची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. इस्त्रीवाल्यानं आपलं काम चोख केलं होतं.

"माझ्या नावानं फरशी पुसतात," ते म्हणाले. "मी त्या माणसाबद्दल कधी वाकडा शब्द बोललो नाही गं, एका सभेत नाही. आणि माझ्या नावानं फरशी."

संघटनेची पोरं मोर्चा काढायचा म्हणत होती, भाऊंनीच त्यांना आवरलं होतं. वहिनी ताटाकडे बघत होत्या. एक शब्द सांगितला असता तर हा माणूस आत्ता उठून नाचला असता. तो शब्द जिभेवर होता. त्यांनी भाऊंच्या ताटात वाढलेलं परत भांड्यात काढलं आणि झाकण ठेवलं.

भाऊ दोनशे बारा मतांनी पडले. एवढ्या जवळून कधीच पडले नव्हते. लोक म्हणाले, अध्यक्ष तापामुळे प्रचाराला आले नाहीत तरी निवडून आले, याला म्हणतात वजन. लांबडी एकटीच दारोदार फिरली होती. हे वहिनींनी ऐकलं आणि त्यांच्या मनात आलं, सकाळी दारोदार आणि दुपारी माझ्यासमोर बेडपॅन. मला एवढं जमलं असतं का? हा विचार त्यांनी लगेच झटकला. तो परत आला.

निकालानंतर आठवड्यानं पेपरात फोटो आला. अध्यक्षांनी प्रकृतीच्या कारणानं घरीच शपथ घेतली. उशांना टेकून बसलेले, डावा हात वर. शेजारी लांबडी, चेहरा दगडासारखा. त्या दिवशी पेपर आधी भाऊंच्या हातात पडला. ते किती तरी वेळ फोटो बघत राहिले, मग चष्मा काढून पुन्हा जवळून बघितला. उशीच्या मागं पाइपचा वाक दिसत होता. एका बाजूला थोडा जास्त दाबलेला. तिसरी निवडणूक हरल्याच्या रागात तो दाबला गेला होता आणि त्यांनी तो तसाच ठेवला होता.

ते उठून पुढच्या खोलीत गेले. खाटेची जागा रिकामी होती. परत आले.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी कपडा पिळायचा थांबवला. "निवडणुकीच्या आधी बारा दिवस."

"तुला माहीत होतं."

"हो."

"आणि ती फरशी?"

"ती पुडी मीच सोडली. चादर दिसत होती गच्चीवर. काहीतरी सांगायला लागलं."

भाऊ खाली बसले. खुर्ची शेजारीच होती तरी जमिनीवर बसले. "दोनशे बारा," ते म्हणाले. "गावाला कळायला नको होतं का? माणूस उठू शकत नाही, बोलू शकत नाही, आणि गावानं त्याला पाच वर्षं..."

"गावाचं गावानं बघावं. माझ्याकडे ती खाट मागायला आली होती, मत मागायला नाही."

"हा तुझा नियम झाला. मी नियमाचं विचारत नाही." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून वहिनींना तो जास्त लागला. "पस्तीस वर्षं झाली आपल्याला. माझ्या कानात तरी? मी काय चौकात जाऊन ओरडलो असतो?"

वहिनी कपडा तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. नियमाचं कारण पुरलं असतं. भाऊंनी ते मानलंही असतं, तसा माणूस होता तो. पण ते खरं नव्हतं.

"नियम मी आधीच मोडला होता," त्या म्हणाल्या. "चादर बाहेर घालू नका म्हणून सांगायचं असतं, ते तिला सांगितलं नाही. मुद्दाम. गावाला कळावं म्हणून. पाच दिवस त्या गच्चीखालून फेऱ्या मारल्या."

"मग काढलीस कशाला?"

"कळलं असतं ना सगळ्यांना."

"म्हणजे?"

"म्हणजे मग ती सगळ्यांची झाली असती. डॉक्टर आले असते, गाड्या आल्या असत्या, सगळं गाव तिला सांभाळायला पळालं असतं. फोटो आला असता तिचा, रडतानाचा." वहिनींनी हातातला कपडा करकचून पिळला. "अठरा वर्षं सगळं तिच्याकडे, भाऊ. माझी माणसंसुद्धा नेली. दूधवाला नेला. पहिल्यांदा तिला माझ्याकडचं काहीतरी हवं होतं. तेवढं माझं होतं. ते मला कोणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. तुमच्याबरोबरसुद्धा नाही."

भाऊंनी पेपर बाजूला ठेवला. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"म्हणजे माझी खुर्ची गेली," शेवटी ते म्हणाले, "ती तुझ्या मत्सरात गेली."

"आणि चादर काढली तीही त्यातच. चांगुलपणा म्हणून मिरवायचं नाही मला."

"मिरवू नकोस." त्यांनी पुन्हा पेपर उचलला. फोटोकडे बघितलं, पाइपच्या वाकाकडे नव्हे, माणसाकडे. "डोकं फार वर केलंय याचं," ते म्हणाले. "घसरत असेल."

"दहा वेळा सांगितलंय तिला."

भाऊ गुडघ्यावर हात देऊन उठले. खुंटीवरचा सदरा घेतला, बटणं लावायला लागले. एक बटण चुकलं, परत सोडून लावलं.

"कुठं निघालात?"

"त्याला बघून येतो."

"काय म्हणून जाणार तिथं? विरोधक म्हणून?"

"आडवा पडलेला माणूस म्हणून. मला पाच वेळची सवय आहे. त्याची पहिलीच वेळ." त्यांनी चपला पायात सरकवल्या. वहिनींकडे बघितलं नाही. राग गेला नव्हता, आणि आज-उद्या जाणारही नव्हता, हे त्यांच्या पाठीवरून दिसत होतं. "स्क्रूला तेलही लागेल आता."

वहिनी दारापर्यंत आल्या. हा आता त्या घरात बसणार, पुढल्या दारानं जाऊन, खुर्चीवर. लांबडी त्याच्याशी बोलणार, त्याला भाऊ म्हणणार, हसून म्हणणार. त्यांच्या छातीत जुना निखारा पुन्हा लाल झाला.

"तिच्याकडचा चहा घेऊ नका," त्या म्हणाल्या.

भाऊ पायरीवर थांबले. "का?"

"नुसतं पाणी असतं."

"तू प्यायलीस?"

"सात वेळा," वहिनी म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.